अळणावरच्या वाटेवरचं तांबडं पाणी

कोल्हापूरहून निघताना उणकलचं तळं निवांत बघायचं एवढंच मनात होतं. हुबळीत उतरल्यावर वकील मित्र सुधाकरनं ते दाखवलंही, पण काठावरच्या नव्या इमारतींपुढं ते लहानसं वाटलं. "पाच वर्षांत केवढी भरभराट झाली बघ," तो कौतुकानं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आणखी थोडं फिरावं म्हणून मी एकट्यानंच धारवाडहून अळणावरची बस धरली. अळणावरच्या अलीकडे एका गावात ती थांबली ती थांबलीच. पुढं खनिजाचे ट्रक होते आणि ट्रकांपुढं वीसेक बायका रस्त्यावर बसलेल्या. रेल्वेच्या मालधक्क्यावरून लोहखनिज घेऊन हे ट्रक गावातून उघडेच जायचे. छपरं, वाळत घातलेलं भात, सगळं तांबडं झालं होतं.

मी खाली उतरलो. गंगव्वा नावाच्या बाईनं सरकून जागा दिली, हातावर जोळद रोट्टी (ज्वारीची भाकरी) आणि एण्णेगाई (भरली वांगी) ठेवली.

तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस आला. "अक्का, उठा आता. देशाला लोखंड लागतं. तुमच्याच भागाची प्रगती होते."

"होऊ दे की अण्णा. आधी हे पाणी प्या." गंगव्वानं विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी गढूळ तांबूस होतं. "आमची लेकरं हेच पितात. तुम्ही प्यालात की मी उठते."

त्यानं तांब्याला हात लावला नाही. बायकाही हलल्या नाहीत. दुपार कलली तेव्हा तो म्हणाला, "उद्यापासून ताडपत्री घालतो. विहीरही उपसून देतो."

"लिहून द्या."

त्यानं लिहिलं. साक्षीदार हवा होता, गावाबाहेरचा. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत साहेबांना विचारल्याशिवाय मी कशावर सही केली नव्हती. त्या कागदावर केली, खाली पूर्ण पत्ताही घातला.

रात्री हुबळीला परतून हे सांगितलं तेव्हा सुधाकर वैतागला. "परगावच्या माणसानं यात कशाला पडायचं?"

"माझ्या घराच्या स्लॅबमध्ये लोखंड आहे," मी म्हणालो. "ते कुणाच्या तरी दारावरूनच आलं असणार."

महिन्यानं त्याचाच फोन आला. विहीर उपसली, ट्रक झाकून जातात. तरी बायकांनी पाळ्या लावल्यात. रोज एकजण फाट्यावर बसते आणि ताडपत्री नीट बांधलेली दिसली तरच गाडी पुढं सोडते.