दोरीवरचा स्पंज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. त्यामुळे हे इथं लिहिताना माझाच मला राग येतोय... पण लिहिते.

राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. हॉलमध्ये टीव्हीशेजारी माशांची टाकी — माझ्या धाकट्या भावाची, अभिची. तो दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला. तेव्हापासून आई दिवसभर त्या टाकीसमोर बसते. बोललीच तर माशांशी. फिल्टर मी साफ करते, अभिनं शिकवलं तसंच. टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढायचं आणि फिल्टरच्या डब्यातला स्पंज त्यात हलका पिळायचा. नळाखाली धरायचा नाही, साबण तर नाहीच नाही. त्या तपकिरी गाळात जे बॅक्टेरिया असतात तेच पाणी चांगलं ठेवतात. ते मेले की मासे गेले.

त्या रविवारी बाजारातून आले तर आई आतल्या खोलीत झोपलेली, गारगोटीचे आमचे काका सोफ्यावर, आणि गॅलरीत दोरीला चिमटा लावून... स्पंज. पांढराशुभ्र.

"लई घाण हुती. धुण्याच्या पावडरीत भिजवून धुतला की," काका म्हणाले. "वाळला की घाल. तवर टाकीतलं मशीन मोकळंच चालू ठेवलंय."

"कुणाला विचारून हात लावलात?" मी ओरडलेच. "मासे मेले तर आईकडं कोण बघणार, तुम्ही?"

"एवढं तापाय काय झालं? मासंच हाईत न्हवं."

आणखी बोलले असते, पण आधी फिल्टर काढला. उघडला. आत स्पंज होता. तपकिरी, बुळबुळीत, अभिनं कात्रीनं तिरक्या कापलेल्या कोपऱ्यासकट. गॅलरीत धावले — दोरीवरच्या स्पंजलाही तोच तिरका कोपरा.

घरात दुसरा स्पंज कधीच नव्हता. असता तरी कोरा असता, तो रंग चढायला आठवडे लागतात. आईला उठवून विचारलं. "मला त्यो डबा उघडाय येतोय व्हय?" म्हणाली. काका तर आत काहीच घातलं नाही म्हणून शपथा घेत होते.

मासे सगळे जगले. आपण स्वच्छ धुतलं म्हणूनच जगले, असं काका आता गारगोटीभर सांगत सुटलेत. त्यांच्याशी भांडून मी थकले.

हे कसं झालं, मला अजून सांगता येत नाही. पण माझा खरा राग अभिवर आहे. दर वेळी बादलीत स्पंज पिळताना मी त्याला शिव्या घालते... माशांसाठी येता आलं तुला. आतल्या खोलीत आई होती, तिला एक हाक मारायला काय झालं होतं?