ऑर्विलचं निव्वळ हरीण

ब्लांच कोलारच्या जिभेला हाड नाही, असं विस्कॉन्सिनातल्या त्या गावात सगळेच म्हणतात. आता जिचं आयुष्य हाडं काढण्यात गेलं, तिच्या जिभेत तरी ते कसं राहणार!

नोव्हेंबरात शिकारीचा हंगाम लागला की नारिंगी जाकिटं घातलेले बाप्ये आपापली हरणं पिकअपमध्ये टाकून तिच्या खाटिकखान्यापुढे रांग लावतात. ब्लांच हरीण सोलते, भाजायचे तुकडे वेगळे काढते, उरलेल्याचा खिमा नि सॉसेज करते. ज्याचं हरीण, त्याच्याच पुड्यात जायचं, हा तिच्या वडिलांपासूनचा दुकानाचा धर्म. काम करताकरता ती गिऱ्हाइकाच्या थापाही सोलते. "काय रे, टेकडीवरून मारलंस म्हणालास ना? मग गोळी पोटाखालून वर कशी गेली? हरीण झाडावर चढलं होतं का?" रांग खो खो हसते, आणि थापाड्या टोपी पुढे ओढून घेतो.

अशी ही बाई. पण एक गोष्ट तिने वर्षानुवर्षं पोटात ठेवली होती, आणि ती होती ऑर्विल स्टेंगलची.

ऑर्विलला स्वतःच्या सॉसेजचा भारी तोरा. हरणाचं मांस कोरडं, म्हणून लोक त्यात डुकराची चरबी घालून घेतात. ऑर्विल त्यांना नावं ठेवायचा. "भेसळ खाता लेको! माझं बघा. निव्वळ हरीण, तरी लोण्यासारखं! नेम चांगला असला की मांसही मऊ राहतं." असं म्हणून तो हरीण टांगून जायचा. मग दुसऱ्या दिवशी त्याची बायको लव्हर्न घरी भाजलेला ॲपल पाय घेऊन मागच्या दाराने यायची. "ब्लांच, घाल गं बाई डुक्कर. नेहमीएवढं. आणि त्याला कळता कामा नये."

"माझ्या तोंडून कधी नाही," असा शब्द ब्लांचने दिला होता. तिच्या तोंडाची ख्याती माहीत असूनही लव्हर्नने तो घेतला, म्हणूनच ब्लांचला तो मोडवत नव्हता.

यंदा वसंतात लव्हर्न गेली. नोव्हेंबरात ऑर्विलने हरीण आणलं नि म्हणाला, "नेहमीसारखं. निव्वळ." ब्लांच दोन दिवस मागच्या दाराकडे बघत राहिली. सांगितल्याशिवाय दुसऱ्याच्या मांसात काही घालायचं म्हणजे पापच. शेवटी तिने निव्वळ हरणाचंच सॉसेज केलं.

शनिवारी रांग रस्त्यापर्यंत गेलेली असताना ऑर्विल आत घुसला. हातातलं सॉसेज त्याने टेबलावर आपटलं.

"हे माझं हरीण नव्हे! लाकडाचा भुसा आहे हा. कुणाचं दिलंस मला?"

दुसऱ्याचं हरीण दिलं, याहून वाईट बोल या धंद्यात नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं, आणि पुढच्या वर्षी तिच्या दारात कुत्रंही फिरकलं नसतं. एका वाक्यात सुटली असती ब्लांच. पण रांगेतले सगळे कान टवकारून उभे होते. तिने वाक्य गिळलं.

"आत चल," ती म्हणाली.

ऑर्विलच्या हरणाचा अर्धा खिमा अजून आतच होता, त्याच्या नावाची चिठ्ठी लावलेला. ब्लांचने त्यातला मूठभर घेतला. त्याच्या डोळ्यांदेखत त्यात डुकराची चरबी नि मसाला कालवला आणि तव्यावर टाकला.

"डुक्कर? माझ्या हरणात?"

"तोंड बंद कर आणि खा."

पहिल्या घासालाच त्याचा जबडा थांबला.

"ही लव्हर्न असतानाची चव आहे," तो म्हणाला. "कधीपासून, ब्लांच?"

"माझ्या तोंडून नाही. शब्द दिलाय."

"तुझ्या तोंडून? आणि तू पाळलास?"

"पाळला. जीव नुसता मेटाकुटीला आलाय माझा!"

ऑर्विल स्टुलावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. "ती हसायची का गं माझ्यावर?"

"हसायची की! त्या खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची." ब्लांचने तवा खाली उतरवला. "पण दुसऱ्या कुणाला हसू द्यायची नाही."

ऑर्विलने नाक पुसलं, टोपी घातली आणि तो बाहेर रांगेपुढे जाऊन उभा राहिला.

"हरीण माझंच आहे," तो मोठ्याने म्हणाला. "ब्लांचची काही चूक नाही. आणि ब्लांच, राहिलेल्यात डुक्कर घाल. माझी बायको घालायला सांगायची तेवढं."

क्षणभर कुणाच्या लक्षात येईना. मग मागून कुणीतरी ओरडलं, "काय रे ऑर्विल, नेम चुकला वाटतं इतकी वर्षं?" आणि सगळ्या दुकानात हशा पिकला. माणसं भिंतीला टेकून हसली. ब्लांच मात्र दारात ॲप्रनला हात पुसत गप्प उभी होती.

"हसा लेको, हसा," ऑर्विल म्हणाला. "आता तुम्हाला अडवायला लव्हर्न नाही."