क्रेनवाल्यांचे डोळे

नवव्या क्रेन-ऑपरेटरची पापणी उलटून पाहिली आणि मला काही सुचेना. तोच लालभडक डोळा, तीच सूज. एवढ्या मोठ्या कारखान्यात डोळे यावेत ते फक्त क्रेनवाल्यांचेच?

भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी डोळ्यांची डॉक्टर होते. हे नऊ जण कारखान्याच्या वेगवेगळ्या विभागांतले, कुणी क्वार्टरमध्ये तर कुणी बाहेर मिसरोदला राहणारे. त्यांचं एकत्र जेवणही नव्हतं.

आमचे मुख्य वैद्यकीय अधिकारी देशपांडे साहेब म्हणाले, "सगळ्यांना काळे चष्मे द्या."

"साहेब, बघून डोळे येत नाहीत. डोळ्याचं पाणी हाताला लागतं, हात वस्तूला, आणि वस्तूवरून दुसऱ्याच्या डोळ्यात जातं."

"मग ती वस्तू शोधा. क्रेन थांबल्या तर प्रॉडक्शनवाले मला खातील."

मला वाटलं, सापडली. क्रेनच्या केबिनमधले लिव्हर! शिफ्ट बदलली की त्याच मुठी दुसऱ्याच्या हातात. मी सगळे लिव्हर स्पिरिटने पुसून घेतले आणि दोन दिवस तोऱ्यात फिरले. तिसऱ्या दिवशी अवधपुरीहून एक रिटायर्ड हेडक्लार्क आले, डोळे लाल. ते जन्मात क्रेनवर चढले नव्हते. माझी थिअरी आडवी झाली. डोकं चालेना, चिडचिड मात्र भरपूर.

खरी काळजी रामकिशनची होती. सगळ्यात जुना ऑपरेटर. त्याची लाली गेली, पण विषाणूने बुबुळावर बारीक पांढरे ठिपके सोडले होते. वरून खालचा माणूस धूसर दिसे, म्हणून त्याला क्रेनवरून उतरवलं होतं.

"मॅडम, ठीक तो हो जाएगा ना? नहीं तो स्टोर में बैठा देंगे."

"हो जाएगा. पहले ये बताओ, आँख आने से पहले कहाँ-कहाँ गए थे?"

"कहीं नहीं. ड्यूटी और घर. हाँ, उससे हफ़्ता भर पहले आपके यहाँ दवा डलवाई थी."

"वो तो जाँच की दवा थी," मी फटकारलं.

तो गेला आणि त्याचं वाक्य मी पुन्हा मनात म्हटलं. क्रेनवाल्यांची वार्षिक डोळेतपासणी मीच केली होती. हेडक्लार्क चष्म्याचा नंबर काढायला आले होते. रजिस्टर उघडलं. दहाही जण त्याच दोन दिवसांतले. त्यांच्या आधी एक ड्रायव्हर होता, डोळ्यातून पाणी येणारा. मी ॲलर्जी लिहून मोकळी झाले होते. बाहुली मोठी करायचे थेंब सगळ्यांना एकाच बाटलीतून घातले. घाईत टोक पापण्यांना टेकत होतं. पापण्या उघडणारी बोटंही माझीच, मधे न धुतलेली.

देशपांडे साहेब म्हणाले, "अहवालात 'कारण अज्ञात' लिहा. कशाला ओढवून घेता?"

मोह झाला, खोटं कशाला सांगू. पण असं लिहिलं असतं तर शेजारच्या ओपीडीतही तीच पद्धत चालू राहिली असती. मी खरं लिहिलं. मेमो मिळाला. रामकिशनलाही सांगितलं. तो टेबलावरच्या बाटलीकडे बघून निघून गेला, ते मेमोपेक्षा जास्त लागलं.

प्रत्येकासाठी वेगळी बाटली सुरू केली आणि साथ तिथेच थांबली. रामकिशनचे ठिपके जायला मात्र तीन महिने लागले. त्यातून मी एवढंच शिकले, की कारण शोधायला निघताना आधी आपलं टेबल तपासावं.

क्रेनवर परत जाण्याआधीच्या शेवटच्या तपासणीला मी त्याच्यासमोर नवी बाटली उघडली. त्याने मान मागे टाकली नाही.

"मॅडम, पहले हाथ धो लीजिए."

मी उठले आणि साबण लावून, तो बघत असताना, सावकाश हात धुतले.