मान हलवणारा वर्ग

भूगोलाच्या सरांना मुलं पाठीमागे 'टापटीप' म्हणत. सरांना हे कळलं असतं, तर त्यांनी ते कौतुकानं दारावरच्या पाटीवर लावून घेतलं असतं, असा तो माणूस. वर्ग ऑनलाइन भरायला लागले तेव्हा बाकीचे शिक्षक रडकुंडीला आले. टापटिपांना मात्र आपण जन्माला कशासाठी आलो ते उमगलं.

तासाआधीची त्यांची तयारी बघण्यासारखी असे. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून लॅपटॉप चार जाडजूड पुस्तकांवर ठेवलेला. पुस्तकं भूगोलाचीच, उघडली कधी गेली नाहीत, निदान अशी तरी कामाला आली. मागे कोरी भिंत, खिडकीचा पडदा अर्धा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. फोन बंद करून कपाटात. तास संपेपर्यंत खोलीकडे फिरकायचं नाही, अशी बायकोला ताकीद. ती बिचारी स्वतःच्याच घरात चोरासारखी पाय न वाजवता वावरायची.

मुलांनाही नियम होतेच. मागे पसारा दिसता कामा नये. विचारल्याशिवाय माइक सुरू करायचा नाही की हात वर करायचा नाही. चॅट तर सरांनी बंदच करून टाकलं होतं. आणि मधूनमधून मान हलवायची, त्यानं म्हणे शिकवणाऱ्याला हुरूप येतो. एकदा एका मुलाच्या मागून त्याची आजी टॉवेल वाळत घालायला गेली, तर सरांनी मुलालाच तासातून काढून टाकलं. म्हातारीला अजून धास्ती आहे, की नातू आपल्यापायी नापास होणार.

अशात उपमुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली. सरांचा त्या खुर्चीवर कधीपासून डोळा. समोर फक्त गणिताच्या बाई, म्हणजे स्पर्धा कसली, डोंबल! त्यांच्या मागे दोरीवर कपडे, मांडीवर मांजर आणि तासाला मुलांचा नुसता कालवा. मुख्याध्यापिका दोघांचाही एकेक तास बघणार होत्या. टापटिपांनी त्यांनाही आपले नियम आधीच पाठवून दिले. आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं!

त्या दिवसासाठी सरांनी नवा माइक आणला, वायरवर छोटंसं बटण असलेला. वायर लोंबकळताना दिसू नये म्हणून ती शर्टाच्या आतून घेतली आणि त्या खटाटोपात बटण दाबलं जाऊन माइक बंद झाला. सरांना पत्ताच नाही.

धडा ज्वालामुखीचा होता. सर असे काही पेटले, की तिकडे स्वयंपाकघरात बायको दचकली. पडद्यावर मात्र सगळे चेहरे शांत, पाठी ताठ, माना संथपणे हलताहेत. शेवटी कुणाला काही शंका आहे का, असं सरांनी विचारलं. एकही हात वर नाही. सरांचा ऊर भरून आला.

मुख्याध्यापिकांनी आधी आपला स्पीकर तपासला, मग कान चोळून बघितले, मग सरांना फोन लावला. तो कपाटात.

संध्याकाळी सरांनीच हौसेनं फोन केला. तुमचा आवाज तासभर आलाच नाही, असं मुख्याध्यापिकांनी शांतपणे सांगितलं. जागा गणिताच्या बाईंना मिळाली होती. त्यांचाही आवाज मध्येच गेला होता, पण मुलांनी एका क्षणात गलका करून त्यांना थांबवलं होतं.

दुसऱ्या दिवशी टापटिपांनी वर्गाला फैलावर घेतलं. तोंडाला काय कुलूप लावलं होतं का, असं नाही नाही ते बोलून झालं. मग ज्या मुलीचा आदर्श ते सगळ्यांपुढे ठेवत, तिला त्यांनी बोलायला सांगितलं. तिनं माइक सुरू केला, पाठ ताठ केली आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "सर, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम आहे."

"अगं, पण काहीतरी बिघडलंय, एवढं तरी वाटलं असेल ना?"

मुलगी प्रामाणिक होती. तिनं खरोखर आठवून बघितलं.

"नाही सर. तास रोजच्यासारखाच वाटला."

आणि बाकीच्या सगळ्या मुलांनी माना हलवल्या.