अर्ज काढा

वेलांटी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. छापखान्यात मुद्रितं तपासायचा, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्याच्या डोळ्यांत कुसळासारखी खुपायची, म्हणून खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यांनी ते ठेवलं. छापखाना बंद पडला, जुळारी पांगले, नाव मात्र चिकटून राहिलं. पन्नाशी उलटल्यावर तो एका कंपनीत लागला. ती सरकारी खात्यांसाठी वेबसाइटवरचे फॉर्म बनवायची, आणि फॉर्म शहरातल्या सगळ्या भाषांत दिसावेत असा वरून हुकूम आला होता. आपल्या भाषेचं काम वेलांटीच्या वाट्याला आलं.

काम म्हणजे पडद्यावर एक तक्ता. डाव्या रकान्यात परके शब्द, उजवा रकाना रिकामा. शब्दाला ना शेंडा ना बुडखा. तो कुठल्या पानावर बसणार, बटणावर की मथळ्यात, कशाचा पत्ता नाही. विचारायला गेलं की मॅडम, म्हणजे त्याच्या मुलीच्या वयाची त्याची साहेब, हसून म्हणायची, "काका, एवढा कीस नका पाडू. बटणात मावलं म्हणजे झालं."

आधीच्या कुणा विद्वानाने थोडे रकाने भरून ठेवले होते. 'रिमूव्ह'पुढे त्याने लिहिलं होतं, 'प्रत्याहृत करा'. वेलांटी पोट धरून हसला. त्याची स्वतःची एक रीत होती. शब्द लिहिला की डोळ्यांपुढे थोरल्या बहिणीला उभं करायचं. ताईची शाळा अर्ध्यात सुटलेली, सगळं आयुष्य शिलाई मशीनवर गेलेलं. ताईला कळेल? मग ठेवायचा. 'प्रत्याहृत'वर त्याने काट मारली आणि लिहिलं, 'काढा'. दोनच अक्षरं, आणि बटणात मावून वर जागा शिल्लक! त्या दिवशी स्वारी इतकी खूश होती, की सगळ्या टीमला चहा पाजून मोकळी झाली.

ताई चौथ्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट नाही. गंमत अशी, की भावोजी लिफ्ट दुरुस्त करणारे. पुढे कामावर पाठीवर पडले आणि पाय गेले ते गेलेच. "जन्मभर लोकांना वरखाली केलं, आणि मीच मधे अडकलो," असं तेच म्हणायचे आणि तेच हसायचे. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीला चार माणसं लागत. दर जिन्यावर ती दम खायला थांबली, की भावोजी लाजेने डोळे मिटून घेत. हळूहळू त्यांनी दवाखानाही टाळायला सुरुवात केली.

शहराचं घरवाटप खातं अशा लोकांना तळमजल्याची घरं देत असे. रांग लांबलचक, पण रांग होती. "ताई, आता फॉर्म आपल्या भाषेत आहे," वेलांटी छाती फुगवून म्हणाला होता, "कुणाची मनधरणी करायला नको. तूच भर." ताईने एका बोटाने टिपून टिपून भरला. रांगेतला नंबर मिळाला. मग तो मुंगीच्या पावलांनी वर सरकू लागला. हिवाळे आले, गेले. आणि एके दिवशी फोनवर निरोप आला: कागदपत्रांच्या तपासणीसाठी या, येताना अर्जाची प्रत आणा.

भावोजींनी माळ्यावरचे बूट काढायला लावले. इतक्या वर्षांत आवळून कडक झालेल्या त्या बुटांना ताईने पॉलिश केलं. "दार उघडलं की रस्ता," भावोजी पुन्हा पुन्हा म्हणत होते, "काय, आहे का नाही?"

दुसऱ्या दिवशी ताई कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. फोनवर अर्ज उघडला. खाली तीन बटणं: अर्ज पाहा. अर्ज बदला. अर्ज काढा. आता प्रत हवी असेल तर माणूस काय करतो? काढतो. फोटो काढतो, झेरॉक्स काढतो, प्रिंट काढतो. ताईने 'अर्ज काढा' दाबलं. फोनने विचारलं, "नक्की काढायचा?" काय शहाणं यंत्र आहे, कागद फुकट जाऊ नये म्हणून विचारतंय, असं मनाशी म्हणून तिने 'हो' दाबलं. अक्षरं आली: "अर्ज काढला आहे."

आणि ती प्रिंटरपाशी जाऊन उभी राहिली. कागद येईना. "अहो, काढलाय म्हणतंय," ती दुकानदाराला म्हणाली, "बघा ना कुठे अडकलाय." दुकानदाराने यंत्राचं झाकण उघडून पाहिलं, बिचाऱ्याने.

वेलांटी तिला घेऊन घरवाटपाच्या कचेरीत गेला, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने पडद्यावर पाहिलं.

"बाई, तुम्हीच अर्ज काढलाय."

"हो, मीच काढला. पण आला कुठे?"

कारकून माणूस बरा होता. त्याने चष्मा काढून सावकाश समजावून सांगितलं. काढला म्हणजे रांगेतून काढला. तुमच्याच फोनवरून, वर नक्की का, ते विचारून. आता नवीन भरायचा आणि शेवटी उभं राहायचं. ताईने फक्त विचारलं, "शेवटी म्हणजे केवढं शेवटी?" कारकुनाने पडदाच तिच्याकडे वळवला.

वेलांटी तडक मॅडमकडे गेला. "माझा शब्द चुकला. काढलेला अर्ज परत घालता येईल ना?"

"तशी सोय केलेलीच नाही, काका. खात्याने मागितली नव्हती." मग तिने एक कागद पुढे केला. "पण बघा, आता कळतंय. तुमच्या भाषेत अर्ज काढणारे सगळ्यात जास्त निघालेत. खात्याने शेरा मारलाय, या भाषेतल्या लोकांना घरांची निकड दिसत नाही."

"अहो, लोक प्रिंट काढतायत!" तो इतक्या जोरात ओरडला, की आजूबाजूच्या माना वळल्या.

"कळवते मी. शब्द पुढच्या फेरीत बदलू," मॅडम म्हणाली. तिलाही वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटलं म्हणून दाबावं असं बटण तिच्याकडेही नव्हतं. वेलांटीने हात टेकले.

चार मजले चढून तो ताईकडे गेला. बूट दाराशीच होते. भावोजी भिंतीकडे तोंड करून पडले होते, झोपलेले नव्हते.

"चूक माझीच रे," ताई म्हणाली. "एवढं साधं लिहिलेलं, आणि मी गाढव."

"तो शब्द मी लिहिलाय, ताई." त्याला तिच्याकडे पाहवेना. "तुला कळावा म्हणूनच लिहिला होता."

ताई रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"कळला की मला," ती म्हणाली. "तिथेच तर घात झाला. परक्या भाषेत असायचं तेव्हा दहा जणांना विचारल्याशिवाय मी बोट लावत नसे. या वेळी सगळं कळत होतं ना, म्हणून कुणालाच विचारलं नाही."

भिंतीकडे तोंड करूनच भावोजी म्हणाले, "बूट ठेव गं वर."

ताईने बूट उचलले, स्टुलावर चढली आणि ते माळ्यावर पार आत सारले. खाली उतरून तिने फोन भावाच्या हातात दिला. "नवा भर. पण आपल्या भाषेत नको. मला आता तिची भीती वाटते."

वेलांटीने वरच्या कोपऱ्यातली भाषा बदलली, आणि पहिल्या चौकटीत तिचं नाव परक्या अक्षरांत लिहायला घेतलं.