विद्यार्थी सवलत, वय वर्षं बावन्न

काशीत दोन गोष्टी आपोआप साठतात: घाटावर गाळ आणि माणसाच्या पोटात जळफळाट. पूर ओसरला की गाळ लोक उपसतात तरी. माझा जळफळाट उपसायला कुणी येत नाही, म्हणून संध्याकाळी संकठा घाटाच्या पायऱ्यांवर बसून मीच किस्से सांगतो. बहुतेक किस्से विष्णूचे. विष्णू आमच्या दूधविनायकच्या गल्लीतला, शाळेत माझ्या बाकावर बसायचा आणि गणितं माझी बघून लिहायचा. आज तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागात आहे आणि मी घाटावरचा पिढीजात भटजी.

*

विष्णूने विद्यापीठामार्फत लॅपटॉप घेतला तेव्हा वहिनींनी त्याला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली आणि गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांना पेढे खायला बोलावलं. मी पेढा उचलला आणि सहज विचारलं, "कितीला पडला रे?"

त्याने आकडा सांगितला. मला वाटलं, हा नुसत्या बॅगेची किंमत सांगतोय!

"स्टाफ डिस्काउंट, गुरु! सॉफ्टवेअर तर समज फुकटच."

मी पेढा परत डब्यात ठेवला. साखर वाढलीय म्हणून सांगितलं. साखर मला तेव्हाही नव्हती, आजही नाही.

आणि हा पठ्ठ्या त्या लॅपटॉपवर करतो काय? पत्ते खेळतो!

*

म्हटलं, आपणही बघू. गेलो बाजारातल्या दुकानात. दुकानदार ओळखीचा, दर दिवाळीला त्याच्या गल्ल्याची पूजा मीच सांगतो.

"स्टूडेंट हैं? फैकल्टी हैं?"

"पंडित हैं, भइया."

"पंडित का तो कोई डिस्काउंट नहीं आता, महाराज."

मी पायऱ्या उतरायला लागलो, तर त्याने मागून हाक मारली. "महाराज, इस बार दक्षिणा में कुछ कम कीजिएगा. पुराने ग्राहक हैं आपके!"

*

लॅपटॉप मला मिरवायला नको होता. म्हणजे थोडासा हवाच होता, पण मुख्य कारण वह्या. पणजोबांपासूनच्या एकोणीस वह्या आमच्या घरी आहेत. महाराष्ट्रातून जो यात्रेकरू आमच्याकडे उतरला, त्याचं नाव, गाव, घराणं आणि खाली सही. त्या वह्यांना आता कसर लागलीय. फिकी शाई गडद करून पानं जशीच्या तशी जपून ठेवणारं एक सॉफ्टवेअर आहे, पण त्याची किंमत ऐकून मला गंगेत उडी मारावीशी वाटली होती.

एकदा वाईहून एक रिटायर्ड मास्तर आले. त्यांना आजोबांची सही बघायची होती. पान सापडलं. गाव होतं, तिथी होती. सहीच्या जागी भोक! मास्तरांनी त्या भोकावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे इथंच होते ना आजोबा?"

मी हो म्हणालो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तडक विष्णूकडे गेलो. म्हटलं, "तुझ्या नावावर मला एक लॅपटॉप घेऊन दे, ते सॉफ्टवेअरही दे. पैसे रोख देतो."

"नाव माझं आणि वापरणार तू? रूलमध्ये नाही बसत, यार."

"तीस वर्षं मणिकर्णिकेवर बसून दुसऱ्यांच्या नावाने पिंड देतोय मी! नाव त्यांचं, हात माझे. तिथे यमाला चालतं आणि तुझ्या विद्यापीठाला चालत नाही?"

"यमाकडे ऑडिट नसतं," विष्णू म्हणाला आणि पत्ते पिसायला लागला.

*

मग मी पेटलो. विद्यापीठात प्रवेशच घेतला! या वयात, या शिक्षणावर एकच कोर्स मिळाला: कर्मकांड पदविका. हिने विचारलं, "जे रोज करता ते शिकायला फी भरणार?" मी म्हटलं, "शिकायला नाही, ईमेल आयडी मिळवायला."

शिकवायला कोण? गजानन! त्याची मुंज मी लावली, संध्या मी शिकवली. पहिल्या दिवशी वर्गात येऊन तो आधी माझ्या पाया पडला, मग त्याने हजेरी घेतली.

एकदा मणिकर्णिकेवर विधी लांबला आणि मला वीस मिनिटं उशीर झाला. गजाननने गैरहजेरी लावली.

"अरे, विधीच सांगत होतो ना!"

"ते प्रॅक्टिकल झालं, गुरुजी. हजेरी थिअरीची असते."

*

पण आयडी मिळाला आणि लॅपटॉपही आला. वर आनंदाची बातमी: विद्यार्थ्यांची सवलत स्टाफपेक्षा जास्त! खोकं डोक्यावर घेऊन मी विष्णूच्या दारावरून तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला त्याच्याने राहवेना.

"कितीला पडला?"

मी सांगितलं. तो "अरे वा" म्हणाला आणि आत गेला. नंतर वहिनींकडून कळलं, दोन दिवस त्याने पत्त्यांना हात लावला नाही. इतकं गाढ समाधान मला यात्रेकरूंच्या आशीर्वादानेही कधी मिळालेलं नाही.

गडबड एवढीच, की सॉफ्टवेअर विद्यार्थी असेपर्यंतच चालणार होतं. कोर्स संपला की आयडी बंद, सॉफ्टवेअर बंद. आणि परीक्षा आली तेव्हा आठ वह्या झाल्या होत्या. अकरा बाकी होत्या.

*

तोंडी परीक्षा गजाननच घेत होता. माझा नंबर आला तसा तो अवघडून उभाच राहिला.

"बसा, गुरुजी. सोप्पंच विचारतो. यजमानाला स्वतःचं गोत्र माहीत नसेल, तर संकल्पात काय म्हणायचं?"

आमच्या गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील, कश्यप म्हणायचं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"गुरुजी?"

"आठवत नाही."

"अहो, हे तुम्हीच मला शिकवलंत!"

"असेल. आठवत नाही."

त्याने आणखी चार प्रश्न विचारले. मला एकाचंही उत्तर आठवलं नाही.

निकाल सांगायला विष्णू स्वतः घरी आला. परीक्षा विभागातून खास, हसू दाबत. दारातूनच ओरडला, "वहिनी, ऐकलंत का? आपले भटजी भटजीगिरीत नापास! आता आणखी एक वर्ष बसा वर्गात!"

"एक वर्ष नक्की ना?" मी विचारलं.

"नक्की म्हणजे काय, माझ्या हाताने नोंद केलीय."

मी हिला म्हटलं, "डबा आण गं." पेढे कालच आणून ठेवले होते.

विष्णूने पेढा उचलला. माझ्याकडे बघितलं. मग टेबलावर उघड्या असलेल्या लॅपटॉपकडे आणि शेजारच्या नवव्या वहीकडे बघितलं.

आणि पेढा परत डब्यात ठेवला.