पुलाच्या चढावरचा जटका

आमचा जटकावाला, म्हणजे इकडचा टांगेवाला, माणसं तोलून बसवतो. “रायरे, चार बोटं मागं सरका,” असं कानडी वळणानं ‘राव’ म्हणावं तसं म्हणतो, म्हणजे घोडीवर भार येत नाही. पुलाचा चढ आला की सरळ उतरवतो. स्टेशनच्या सव्वा मैलातला एक फर्लांग मी चालतोच.

बायकोचा ताप सात दिवस उतरेना. तिला इस्पितळात नेताना जटकावाला अर्ध्या चढावरच थांबला.

“अरे, हिचा जीव चाललाय!” मी ओरडलो.

“घोडी पडली तर दोघींचा जाईल, रायरे.”

घोडीचा दम परतल्यावर त्यानं स्वतः दांडीला खांदा लावला. वर पोचताच आधी खांद्यावरच्या पंच्यानं घोडीचं तोंड पुसलं. मग तोच पंचा घोडीच्या बादलीत भिजवून हिच्या कपाळावर ठेवला. एरवी मी तो घराच्या उंबऱ्याआत येऊ दिला नसता. त्या दिवशी नको म्हणण्याचंही त्राण नव्हतं. हिनं डोळे उघडले.